बाटलीतलं पाणी गार राहील. बांधावरच्या पाण्याचं काय?



उन्हाळा लागला की आपल्या जिल्ह्यात पाण्याचा विषय निघतोच. विहिरीला किती परस पाणी राहिलं, टँकर कधी सुरू होणार, मोसंबीला पावसापर्यंत पाणी पुरेल का, हे दरवर्षीचे प्रश्न. गेल्या काही उन्हाळ्यांत मात्र त्यात एका नव्याच प्रश्नाची भर पडली आहे. गावात गेलं की पारावर कोणीतरी तरुण मुलगा रंगीत स्टीलची जाडजूड बाटली नाहीतर दांडी लावलेला मोठा पेला पुढे करतो आणि विचारतो, "साहेब, यात चोवीस तास पाणी गार राहतं म्हणतात. घ्यावी का?"

हा प्रश्न बियाण्याचा नाही, खताचा नाही, फवारणीचाही नाही. मग तो या पानावर कशाला, असं कोणी म्हणेल. त्याला दोन कारणं आहेत. एक तर हा पैसा घरातून जातो तो नेमका खरिपाच्या तोंडावर, जेव्हा घरात रुपया रुपया मोजावा लागतो. आणि दुसरं असं, की वैशाखाच्या उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या जिवाशी या प्रश्नाचा संबंध आहे. बाटलीचा प्रश्न म्हणजे शेवटी पाण्याचाच प्रश्न. म्हणून नीट खोलात जाऊन बघू.

ही बाटली मुळात करते काय?

पहिली गोष्ट पक्की लक्षात घ्या. ही बाटली पाणी गार करत नाही. गार पाणी ओतलं तर ते गार ठेवते आणि गरम चहा ओतला तर तो गरम ठेवते. तुम्ही नळाचं कोमट पाणी भरलं तर संध्याकाळी कोमटच पाणी मिळेल. पुष्कळ जणांची फसगत इथेच होते. बाटलीला ते फ्रिज समजतात.

तिची युक्ती सोपी आहे. आत एक भांडं, बाहेर दुसरं भांडं आणि मधली हवा काढून टाकलेली. उष्णता एका वस्तूतून दुसरीत जाते ती तीन वाटांनी: एकमेकींना चिकटून, हवेच्या झुळकीबरोबर, किंवा उन्हासारखी किरणांनी. मधे हवाच नसली की पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होतात. उरलेली तिसरी वाट अडवायला चकचकीत पृष्ठभाग करतात, किंवा आतल्या भांड्यावर तांब्याचा मुलामा देतात. एवढंच त्यातलं शास्त्र.

हे शास्त्र काही नवं नाही. जेम्स ड्यूअर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ साली लंडनमध्ये असं भांडं बनवलं, तेही पाण्यासाठी नव्हे तर अतिशय थंड केलेले द्रवरूप वायू साठवण्यासाठी. त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही. १९०४ साली जर्मनीतल्या काच कारागिरांनी 'थर्मास' या नावाने ते बाजारात आणलं. ड्यूअर कोर्टात गेला, पण हरला. पुढे १९१३ साली अमेरिकेत विल्यम स्टॅन्ले याने काचेऐवजी पोलादाची बाटली केली. आज जिच्यासाठी मुलं हट्ट धरतात ती बाटली शंभर वर्षांहून जुन्या युक्तीचीच आहे. रंग आणि दांडी तेवढी नवी.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्याकडे गाई-म्हशी आहेत त्यांनी हे भांडं पूर्वीच पाहिलेलं आहे. कृत्रिम रेतन करायला येणारा माणूस जो नत्राचा कंटेनर आणतो, तो याच जातीचा. त्यात उणे १९६ अंश तापमानाचा द्रवरूप नत्र असतो आणि त्यात वीर्यकांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. तिथे या युक्तीशिवाय चालतच नाही. पण त्या कंटेनरमधलाही नत्र हळूहळू उडतो आणि वरचेवर भरावा लागतो. म्हणजे जगातलं उत्तम भांडंसुद्धा उष्णता कायमची अडवत नाही, फक्त उशीर करतं.

'चोवीस तास गार' हे डब्यावरचं वाक्यही असंच समजून घ्यावं. भांडं काठोकाठ भरलेलं, झाकण घट्ट लावलेलं, मधे एकदाही उघडलेलं नाही आणि ठेवलेलं सावलीच्या खोलीत, अशा वेळचा तो आकडा असतो. तुम्ही शेतात दर अर्ध्या तासाला झाकण उघडणार, अर्धी बाटली रिकामी होणार, मग चोवीस तास कुठून राहणार? त्यातही दांडीच्या पेल्याला वर नळी घालायला भोक असतं. उष्णता आत शिरते ती मुख्यतः झाकणातून. म्हणून फिरकीच्या झाकणाची साधी बाटली त्या महागड्या पेल्यापेक्षा जास्त वेळ टिकते. शिवाय पेला मोटारसायकलवर सांडतो, ते वेगळंच.

आणि आपला माठ काय करतो?

माठ नुसतं गार ठेवत नाही, तो गार करतो. मोठा फरक इथेच आहे.

माठाच्या अंगातून पाणी पाझरतं. बाहेर येऊन ते हवेत उडतं. उडताना लागणारी उष्णता ते आतल्या पाण्याकडून ओढून घेतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. आता हिशेब करा. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायचं म्हणजे एक लाख कॅलरी काढायच्या. त्याला वाफ व्हावी लागते पावणेदोनशे ग्रॅम पाण्याची, म्हणजे फार तर एक पेलाभर. बाहेरची उष्णताही आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं. तरी दोन-तीन पेले पाण्याच्या मोबदल्यात दहा लिटर पाणी गार मिळतं. वीज नाही, बर्फ नाही, आणि पेट्रोल जाळून तालुक्याला जाणं नाही.

हे काम किती चांगलं होतं ते हवेवर अवलंबून असतं. कोकणात हवा दमट, तिथे माठ आळशी होतो. आपल्याकडे भोकरदनपासून मंठ्यापर्यंत एप्रिल-मेमध्ये हवा अशी कोरडी असते की धुतलेलं धोतर पाऊण तासात वाळतं. जितकी हवा कोरडी तितका माठ गार. बेचाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी सावलीतल्या, वारा लागणाऱ्या माठातलं पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास राहू शकतं. पिण्याला याहून गार पाणी लागत नाही. श्रावण-भादव्यात माठ काम करत नाही हे खरं, पण तेव्हा त्याची गरजही नसते.

आता माठाचे दोषही सांगितले पाहिजेत. नुसता जुन्याचा उदो उदो करून भागत नाही. माठ फुटतो, तो गाडीवर नेता येत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि माठाची छिद्रं बुजतात. मग लोक म्हणतात, "हा माठ पाणी गारच करत नाही." माठ बिघडलेला नसतो, त्याची छिद्रं बुजलेली असतात. आठवड्यातून एकदा नारळाच्या काथ्याने आतून-बाहेरून घासावा. साबण लावू नये, त्याचा वास मुरतो. बाहेरून तेलरंग तर मुळीच देऊ नये. शोभेसाठी रंगवलेले माठ बाजारात येतात, ते दिवाणखान्यात ठेवायला ठीक, पण त्यांची छिद्रं रंगानेच बुजलेली असतात.

माठ शेतात नेता येत नाही, त्यावरही उपाय जुनाच आहे. कॅनला किंवा साध्या बाटलीला गोणपाट गुंडाळा, सुतळीने बांधा, भिजवा आणि लिंबाच्या फांदीला वारा लागेल अशी टांगा. पूर्वी प्रवासात कापडी छागल गाडीला बाहेरून लटकवत, त्यामागे हेच शास्त्र होतं. चूक एवढीच होते, की लोक ओलं गोणपाट गुंडाळलेली बाटली पिशवीत घालून ठेवतात. वारा लागला नाही तर वाफ होत नाही आणि वाफ झाली नाही तर गारवा नाही. दुपारी एकदा गोणपाट पुन्हा भिजवावं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा साधा तापमापक घ्या. सकाळी सातला एकाच माठातलं पाणी चार ठिकाणी भरा: थर्मासच्या बाटलीत, गोणपाट गुंडाळलेल्या कॅनमध्ये, उघड्या प्लास्टिकच्या बाटलीत आणि झाडाखालच्या लहान माठात. दुपारी बाराला आणि तीनला मोजा. उघड्या बाटलीचं पाणी तोंडात घेववणार नाही, हे सांगायला तापमापक नको. बाकी तिघांत किती फरक पडतो ते तुमच्याच डोळ्यांनी बघा, आणि मग पैशाचं ठरवा.

पैशाचा हिशेब

समजा, चांगल्या कंपनीची एक लिटरची बाटली बाराशेला पडली आणि ती पाच वर्षं टिकली. वर्षाला अडीचशेच्या आत खर्च आला. हा हिशेब वाईट नाही. जो माणूस रोज दोन थंड बाटल्या विकत घेऊन पितो, त्याचे पैसे तर पहिल्याच उन्हाळ्यात वसूल होतील. म्हणून बाटली म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं मी म्हणणार नाही.

पण परदेशी नावाच्या पेल्याचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत ज्या दांडीच्या पेल्याचं वेड पसरलं, त्याची तिकडची किंमत पंचेचाळीस डॉलर. आपल्या पैशात साडेतीन हजारांच्या वर. २०२४ च्या जानेवारीत तिकडे गुलाबी रंगाच्या पेल्यासाठी लोक पहाटेपासून दुकानासमोर रांगा लावून उभे होते. एकेका घरात असे पाच-पाच, सात-सात पेले, साडीसारखे वेगवेगळ्या रंगांचे. एक पेला जर वर्षानुवर्षं टिकतो, तर सातवा कशाला? तेव्हा ती तहान नव्हती, हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हौस खरेदीच्या वहीत लिहावी लागते.

आपल्या वहीत ती कशी दिसते ते बघा. आपलं जालना म्हणजे बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिकोची सुरुवात केली तेव्हापासून देशभर ही ओळख आहे. २०२५ च्या हंगामात सरकारने बीजी-२ कपाशीच्या पाकिटाचा कमाल दर ९०१ रुपये ठरवला होता. म्हणजे तो एक पेला म्हणजे कपाशीची जवळजवळ चार पाकिटं. मे महिन्यात पेला घ्यायचा आणि जूनमध्ये बियाण्यासाठी दुकानदाराकडे उधारी करायची, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? उधारीवर बियाणं घेणाऱ्याला वाण निवडायला मिळत नाही, दुकानदार देईल ते घ्यावं लागतं. नाकापेक्षा मोती जड तो असा.

त्यातही मोबाईलवरून हप्त्याने घेण्याची सोय आहे. महिना चारशे म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण कर्जाची सवय लहान वस्तूपासूनच लागते. पाणी प्यायच्या भांड्यावर हप्ते भरू नयेत, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

मग ती घ्यावी कोणी?

काही जणांना ती खरोखर उपयोगी आहे आणि त्यांनी ती जरूर घ्यावी.

जो दिवसभर फिरतीवर आहे, ट्रॅक्टर चालवतो, टेम्पोत मोसंबी घालून दूरच्या बाजारात नेतो, त्याला माठ बरोबर नेता येत नाही. बाजार समितीत काट्याच्या रांगेत रात्र काढणाऱ्यालाही तेच. रब्बीत रात्रीची वीज असते, पौष महिन्याच्या थंडीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला जावं लागतं, तेव्हा बाटलीतला गरम चहा हा चैनीचा भाग नाही. घरात आजारी म्हातारं माणूस, बाळंतीण किंवा लहान मूल असेल तर रात्री चूल न पेटवता गरम पाणी हाताशी मिळतं. शाळेला लांबून चालत किंवा एस.टी.ने जाणाऱ्या मुलालाही ती चालेल. फक्त बाटली नेण्याआधी दप्तराचं वजन बघा, स्टीलची बाटली रिकामीच जड असते.

आणखी एक उपयोग मी मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्या कामाचा आहे. रायझोबियम, पीएसबी, ट्रायकोडर्मा ही जिवाणू-बुरशीची पाकिटं जिवंत असतात. तालुक्याहून आणताना ती गाडीच्या डिकीत दुपारभर तापली तर आतले जीव मरतात आणि शेतकरी म्हणतो, "खताचा गुण आला नाही." अशी पाकिटं सकाळी लवकर आणावीत, ओल्या कापडात गुंडाळावीत, घरी माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावीत. पाचशे रुपयांचं जिवाणू खत तापवून मारायचं आणि बाराशेच्या बाटलीत आपण गार पाणी प्यायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत.

जनावरांच्या लसीचं मात्र साध्या बाटलीवर भागवू नये. लस दोन ते आठ अंशांतच राहावी लागते. लाळ-खुरकताची लस तर गोठली तरी वाया जाते. तिला दवाखान्याचा लस-डबाच हवा. तो आणल्याशिवाय कोणी टोचायला आला तर त्याला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

घ्यायचीच असेल तर बघून घ्या

आपलं जालना स्टीलचंही गाव. पण आपल्या कारखान्यांत भंगार वितळवून निघते ती घरबांधणीची सळई. बाटलीचं स्टील वेगळं. त्यात ३०४ नंबरचं चांगलं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्यावर १८/८ असंही लिहितात. २०१ किंवा २०२ नंबरचं स्टील स्वस्त, त्यात निकेल कमी असतं आणि ते लवकर गंजतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल." त्यावर जाऊ नका. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. नंबर बाटलीवर छापलेला आहे का ते बघा, आणि आयएसआयचा शिक्का बघा. अशा बाटल्यांना हा शिक्का बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२३ साली काढला आहे. आठवडी बाजारात ढिगाने मिळणाऱ्या मालावर तो नसेल तर स्वस्त म्हणून घेऊ नका.

मधली पोकळी शाबूत आहे का, ते घरी पाच मिनिटांत कळतं. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, थोड्या वेळाने बाहेरून हात लावा. बाहेरचं अंग गरम लागलं तर हवा आत शिरली आहे, ती बाटली गेली. पावती जपून ठेवा म्हणजे बदलून मागता येईल. बाटली दगडावर पडून मोठा पोचा आला तरी पोकळी जाऊ शकते.

तळाची चकती निघाली तर ती बाटली वापरू नका. त्या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीने २०२४ च्या जानेवारीत स्वतःच मान्य केलं होतं, की पोकळी बंद करायला तळाशी जो ठिपका देतात त्यात शिसं असतं. वरून स्टीलचं आवरण असतं तोवर पाण्याचा त्याच्याशी संबंध येत नाही. पण आवरण निघालं, तर ती बाटली लहान मुलांच्या हातात राहता कामा नये.

आणि त्यात दूध कोमट ठेवून दिवसभर नेऊ नका. ज्या कोमटपणात विरजण लागतं त्याच कोमटपणात रोगजंतूही वाढतात. थर्मास त्यांना नेमकं हवं ते तापमान देतो. ताकही स्टीलमध्ये फार वेळ ठेवू नये. झाकणातली रबराची चकती रोज काढून धुवा, सगळी घाण तिच्या खाली साचते.

खरा प्रश्न बांधावरचा आहे

इथपर्यंत आपण एका माणसाच्या एका बाटलीबद्दल बोललो. आता शेतावर या.

मे महिन्यात कामं थांबत नाहीत. पऱ्हाट्या वेचायच्या असतात, वखरणी असते, मोसंबीची आळी करायची असतात, कुठे शेततळ्याचं, कुठे विहिरीचं काम चाललेलं असतं. मालक मोटारसायकलवर येतो, त्याच्या हातात बाटली असते, आत बर्फासारखं पाणी. दहा बाया सकाळपासून उन्हात वाकलेल्या असतात, आणि त्यांचं पाणी कुठे असतं? बांधावर, फवारणीच्या औषधाचं नाव अजून पुसलं न गेलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, सकाळपासून उन्हात तापत. ते पाणी इतकं गरम होतं की बाया ते पीतच नाहीत. "घरी गेल्यावर पिऊ" म्हणतात. आडोसा नसतो म्हणूनही पाणी कमी पितात, हेही कारण आहे आणि ते पुरुषांना सहसा सुचत नाही.

उन्हात अंगमेहनत करणाऱ्याने दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटर पाणी प्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. तासाला पाऊण लिटर झालं. सकाळी सात ते दुपारी एक असे सहा तास धरले तर एका माणसाला साडेचार लिटर. दहा माणसांना पंचेचाळीस लिटर. आता सांगा, मालकाची एक लिटरची बाटली चोवीस तास गार राहिली काय किंवा अठ्ठेचाळीस तास राहिली काय, शेताला तिचा उपयोग किती?

म्हणून माझं मत असं: गारव्यावर हजार-बाराशे रुपये खर्च करायचेच असतील तर ते एका माणसाच्या बाटलीवर न करता सगळ्यांच्या पाण्यावर करा. तोटीचा मोठा कॅम्पर मिळतो, दहा-पंधरा-वीस लिटरचा. त्यात पोकळी नसते, फोम असतो, तरी भांडं जितकं मोठं तितकं ते सावकाश तापतं. सकाळी माठातलं गार पाणी भरून नेलं तर दुपारपर्यंत भागतं. नाहीतर दोन मोठे माठ शेतातच लिंबाखाली वाळूवर कायमचे मांडून ठेवा, वर झाकणी, आणि लांब दांड्याचं ओगराळं. हात बुडाला नाही पाहिजे. आणि एक नियम कडक पाळा. औषधाचा कॅन कितीही वेळा धुतला तरी प्यायच्या पाण्याला वापरायचा नाही. तो ठोकून, भोक पाडून निकामी करा.

आणखी एक बोलायचं राहू नये. काही बांधांवर अजूनही मालकाचं पाणी वेगळं आणि मजुरांचं वेगळं असतं, मजुरांतही कोणाला पेला मिळतो आणि कोणाच्या ओंजळीत वरून ओततात. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. त्यानंतर एवढ्या पिढ्या गेल्या. ज्याची त्याची बाटली वेगळी झाली की हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण तो नुसता झाकला जातो. एकाच माठाची तोटी सगळ्यांनी उघडायची, हा साधा उपाय आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. धान्य किती, कपडे किती, चप्पल कधी, उचल किती, सगळं बोललं जातं. त्यात पाणी आणि दुपारची सुट्टी कोणी बोलत नाही. ते बोललं पाहिजे. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवून पहाटे लवकर सुरू केलं तर कामही जास्त होतं, हे तुम्ही स्वतः जाणता.

कोणाला चक्कर आली, डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर लगेच सावलीत न्या. कपडे सैल करा, अंगावर ओलं कापड फिरवा, वारा घाला. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग भिजवत राहा. बाजारातला बर्फ पाण्यात घालण्याआधी रंग बघा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग टाकण्याचं बंधन २०१८ पासून राज्यात आहे. तो बर्फ पिण्यासाठी नाही.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना दोन शब्द

अलीकडे सत्काराची रीत बदलली. शाल-श्रीफळाच्या जागी नाव कोरलेली बाटली देतात. सरपंचांना एक, पाहुण्यांना एक, आम्हा कर्मचाऱ्यांनाही एक. एका कार्यक्रमात दहा बाटल्या वाटल्या तर तो खर्च कितीचा होतो ते मोजा. तेवढ्या पैशात एस.टी. थांब्यावर, शाळेत आणि अंगणवाडीत तोटीचे माठ बसतील आणि ते रोज भरणाऱ्या बाईला उन्हाळाभर चार पैसेही देता येतील. माठ गावच्या कुंभाराकडून घेतले तर पैसा गावातच राहतो.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचार देण्याची तरतूद केली होती. त्यातलं पाणी किती ठिकाणी फक्त कागदावर होतं, हे आपण सगळे जाणतो. योजना कोणतीही असो, हजेरीच्या पुस्तकाआधी पाण्याचा माठ मांडला पाहिजे.

१ मे ची ग्रामसभा त्यासाठी योग्य वेळ आहे. त्याच दिवशी १९८१ साली आपला जिल्हा वेगळा झाला. त्या सभेत एक ठराव घ्या: गावाच्या हद्दीत ज्याच्या शेतावर मजूर आहेत, त्याने सावलीत झाकलेलं, सगळ्यांना सारखं पाणी ठेवायचं. दंड नको, नुसती यादी वाचली तरी पुरे. गावात नाव वाचलं जातं तेव्हा माणूस सुधारतो.

आपल्याकडे अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान करायची रीत आहे. ज्यांनी ती घालून दिली त्यांना उन्हाळ्यातल्या पाण्याचं मोल माहीत होतं. पुण्य मिळेल न मिळेल, पण एका माणसाची तहान नक्की भागेल, इतका रोखठोक हिशेब त्यात होता.

तेव्हा बाटली घ्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर असं. फिरतीचं काम असेल, घरात आजारी माणूस असेल, रात्रीचं पाणी द्यायला जावं लागत असेल, तर हजार-बाराशेची, शिक्का बघून, रोख पैशात घ्या. रंगासाठी, नावासाठी, शेजाऱ्याकडे आहे म्हणून तीन-साडेतीन हजार घालू नका. आणि कोणतीही बाटली घेण्याआधी आपल्या बांधावर जाऊन मजुरांच्या कॅनमधलं पाणी एकदा तोंडात घेऊन बघा. ते तुम्हाला पिववत नसेल, तर पहिला खर्च तिथे करा.